सोफ्यावरचे पंच्याहत्तर डेसिबल

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा १९७९चा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ सुरू होतो तो हेलिकॉप्टरच्या आवाजाने. पडद्यावर झाडांची रांग असते, आणि पात्यांची ती संथ, घुसळणारी फडफड प्रेक्षागृहाच्या एका कोपऱ्यातून निघून पाठीमागून फिरत पुन्हा पुढे येते. ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी या चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रतींसाठी पडद्यामागे तीन, प्रेक्षकांच्या मागे डावा आणि उजवा असे दोन वेगळे प्रवाह आणि खर्जासाठी स्वतंत्र सोय अशी मांडणी वापरली. आज दुकानात ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणून जे खोकं मिळतं, त्याच्या मुळाशी हीच मांडणी आहे.

हा प्रसंग घरच्या होम थिएटरवर लावून पाहा. मागचा उजवा स्पीकर बाकीच्यांपेक्षा चार डेसिबल मोठा लागलेला असेल, तर हेलिकॉप्टर त्या कोपऱ्यात आलं की एकदम अंगावर येतं आणि पुढे सरकलं की लांब पळतं. मर्च यांनी आखलेलं वर्तुळ तुमच्या हॉलमध्ये वेडंवाकडं होतं. स्पीकर महाग असोत की स्वस्त, त्याने फरक पडत नाही.

चित्रपटाचं ध्वनिमिश्रण जिथे होतं, त्या स्टुडिओतले स्पीकर मोजून लावलेले असतात. ठरावीक ताकदीचा ‘पिंक नॉईज’ वाजवतात. हा ‘शूऽऽ’ असा सलग खरखराट असतो आणि त्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखी ऊर्जा येते. तो वाजत असताना मिश्रण करणाऱ्याच्या खुर्चीपाशी पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबल भरला पाहिजे, असा सिनेउद्योगाचा प्रघात आहे. थिएटरातल्या डॉल्बी प्रोसेसरवरचा फेडर ७ या आकड्यावर ठेवला की तीच पातळी तिथे मिळायला हवी. पुष्कळ थिएटरांत तो प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर खाली आणला जातो, ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की मागे पाऊस किती पडावा, दार किती करकरावं, कुजबुज किती हळू असावी हे सगळे निर्णय सारख्या पातळीला लावलेल्या स्पीकरांवर ऐकून घेतलेले असतात. घरी एखादा स्पीकर चढा लागला, की तो या प्रत्येक निर्णयात न विचारता आपलं मत घालतो.

नवं होम थिएटर बसवल्यावर मात्र बहुतेकांची पहिली तक्रार उलटी असते: ‘मागचे वाजतच नाहीत!’ मग रिमोट घेऊन मागचे दोन वाढवले जातात, पाहुण्यांना ते दाखवले जातात, आणि पुढचे काही महिने प्रत्येक चित्रपटातली चिमणी सोफ्याच्या मागे येऊन ओरडते. दुकानातल्या डेमोमध्ये मागचे स्पीकर आणि वूफर मुद्दाम चढवलेले असतात, त्याचाही हा परिणाम आहे. वास्तविक बऱ्याच चित्रपटांत बराच वेळ मागच्या स्पीकरांना फारसं काम नसतं. असतं तेव्हाही ते खोलीची हवा, रस्त्याचा दूरचा गलबला, संगीताचा घुमारा एवढंच पुरवतात. ‘सैराट’च्या शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला आहे. तेव्हा कुठलाच स्पीकर वाजत नाही म्हणून कोणी सेटिंग तपासायला उठत नाही. माझ्या मते मागच्या स्पीकरांची परीक्षा ते बंद केल्यावर घ्यावी. चालू असताना लक्षात येत नव्हते आणि बंद करताच खोली आक्रसली, तर ते बरोबर लागले आहेत.

पाचही स्पीकर एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले असले तरी ते सारखे का ऐकू येत नाहीत? पहिलं कारण अंतर. सोफ्यापासून पुढचे स्पीकर तीन मीटरवर आणि मागचे सव्वा मीटरवर असतील, तर मोकळ्या मैदानात हा फरक जवळजवळ आठ डेसिबलचा होतो, कारण अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने उतरते. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज त्यातला काही फरक भरून काढतो, पण सगळा नाही. दुसरं कारण स्पीकरची संवेदनशीलता. तेवढ्याच विजेवर एक स्पीकर ८४ डेसिबल देतो, दुसरा ९०. तिसरं कारण जागा: भिंतीला चिकटलेला किंवा कोपऱ्यातला स्पीकर खालच्या सुरांत फुगतो. डेसिबलचा हिशेब जरा फसवा असतो. तीन डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला दहा डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते. एका डेसिबलचा फरक कसाबसा जाणवतो. तीन-चार डेसिबलचा फरक मात्र चित्र बिघडवायला पुरेसा असतो.

तबलजी हातोडी घेऊन पुडीच्या कडेने फिरतो आणि सोळाही घरं एका सुरात येईपर्यंत ठोकत राहतो, तसंच पाचही स्पीकर एका पातळीला आणण्याचं हे काम आहे, फक्त इथे कानावर विसंबून भागत नाही. मागून येणारा आवाज कानाच्या पाळीच्या घडणीमुळे मुळातच वेगळ्या पोताचा ऐकू येतो. तोच खरखराट पुढून आणि मागून वाजवला तर दोन्हींची तुलना करताना कान गोंधळतो आणि आपण मागच्यांना नको तेवढं चढवतो. म्हणून मीटर हवा. आवाजाची पातळी मोजणारा साधा हातातला मीटर फार महाग नसतो. फोनवरचं ॲपही चालतं, कारण आपल्याला खरा आकडा किती यापेक्षा पाचही आकडे एकसारखे आहेत का, हेच पाहायचं असतं. वूफरच्या बाबतीत मात्र फोनचा भरवसा धरू नये. त्याचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो.

मीटरवर दोन गोष्टी निवडायच्या. भारांकन ‘सी’ आणि वेग ‘स्लो’. ‘ए’ भारांकन कारखान्यातला किंवा रस्त्यावरचा गोंगाट मोजण्यासाठी वापरतात. ते खालचे सूर कापून टाकतं, ५० हर्ट्झला तर सुमारे ३० डेसिबलनी. त्यावर वूफर मोजला तर तो जवळजवळ मुका निघेल आणि तुम्ही त्याला इतका चढवाल की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील. ‘स्लो’ अशासाठी, की खरखराटात आकडा सारखा हलत असतो. त्याची सरासरी डोळ्यांना दिसली पाहिजे.

मोजण्याआधी पंखा बंद करायचा. आपल्या हॉलमध्ये हे पहिलं काम, कारण छताचा पंखा माइकवर थेट वारा मारतो. एसी, फ्रीजची घरघर, रस्त्याकडची खिडकी, स्वयंपाकघरातला कुकर यांचीही दखल घ्यावी. रात्री साडेदहानंतरची वेळ बरी, पण शेजाऱ्यांचा विचार केला तर रविवारची दुपार जास्त शहाणपणाची. मीटर कॅमेऱ्याच्या तिवईवर, सोफ्यावर बसल्यावर कान येतात त्या उंचीवर ठेवायचा आणि तोंड छताकडे करायचं. हातात धरला तर आपलं शरीर मागच्या स्पीकरच्या वाटेत येतं. सोफ्याच्या पाठीवर टेकवला तर फोम आणि रेक्झिन आकडा बदलतात.

मग रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, मेनूत जाऊन त्याचा स्वतःचा चाचणीचा आवाज सुरू करायचा. सिनेमाचा ८५चा मापदंड ज्या ताकदीच्या खरखराटावर आधारलेला आहे, त्यापेक्षा हा दहा डेसिबलनी हळू असतो. त्यामुळे घरी उद्दिष्ट ७५. कानाला त्रास कमी आणि हिशेब तोच. काही रिसीव्हर या वेळी मुख्य व्हॉल्यूम आपोआप ठरवतात. तुमचा ठरवत नसेल तर तो शून्यावर न्यायचा. शून्य म्हणजे सिनेमाची संदर्भपातळी. त्या पातळीला एकेका स्पीकरचे शिखरक्षण १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात, वूफरचे ११५. घरात कोणी तिथे ऐकत नाही. उणे पंधरा-वीसच्या आसपास बहुतेकांचं समाधान होतं. पुढचा डावा ७५वर आणायचा, मग मधला, उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. प्रत्येकाच्या नावापुढे अर्ध्या किंवा एका डेसिबलच्या पायऱ्यांनी वाढवण्या-घटवण्याची सोय असते. पुन्हा एक फेरी मारायची. एवढंच. थिएटरात मागच्या स्पीकरांच्या प्रत्येक रांगेला ८२ डेसिबल दिलेले असतात, घरी मात्र पाचही समान ठेवायचे. डिस्कसाठी ध्वनी तयार करतानाच तो फरक भरून काढलेला असतो.

डोक्यावरून आवाज देणाऱ्या ॲटमॉस व्यवस्थेचे छतातले स्पीकर असतील तर त्यांनाही हाच नियम. वेगळी वागणूक देण्याची गरज नाही.

आता वूफर. खरी गुंतागुंत इथेच आहे. ‘५.१’ ही संज्ञा टॉमलिन्सन हॉलमन या अमेरिकी ध्वनितज्ज्ञाची. १९८७ साली सिनेतंत्रज्ञांच्या एका बैठकीत डिजिटल ध्वनीसाठी किती प्रवाह हवेत असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी हा आकडा सांगितला. खर्जाच्या प्रवाहाला फक्त १२० हर्ट्झच्या खालचाच मुलूख सांभाळायचा असतो, म्हणून त्याला पूर्ण एक म्हणता येत नाही. सिनेध्वनीच्या दर्जाचं प्रमाण ठरवणारं टीएचएक्स ज्यांच्या कामातून उभं राहिलं ते हेच हॉलमन. स्पीकर आणि वूफर यांच्यात ८० हर्ट्झला वाटणी करायची, हा आज रिसीव्हरच्या मेनूत दिसणारा आकडाही टीएचएक्समुळेच रूढ झाला. पातळी लावण्याआधी ही वाटणी ठरवायला हवी. पुस्तकाएवढ्या स्पीकरांना मेनूत ‘लार्ज’ म्हणून ठेवलं तर त्यांच्याकडून न झेपणारं काम मागितलं जातं.

वूफरचा चाचणीचा आवाज सुरू केला की मीटरचा आकडा स्थिर राहत नाही आणि मीटर हातभर सरकवला की चार-पाच डेसिबल इकडचे तिकडे होतात. मीटर बिघडलेला नसतो. खालच्या सुरांच्या लाटा खोलीएवढ्या लांब असतात आणि समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्या अडकून उभ्या राहतात. बारा फूट लांबीच्या खोलीत हे पहिल्यांदा सुमारे ४७ हर्ट्झला होतं, दहा फूट रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला. त्या सुरांना भिंतीपाशी दणका आणि मधोमध जवळपास शांतता. एकाच खोलीत दोन जागांमध्ये दहा-पंधरा डेसिबलचा फरक पडू शकतो. आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे नेमका दणक्याच्या जागी.

यात आणखी एक भर आहे. होम थिएटरवरची बरीचशी पुस्तकं अमेरिकेतली आहेत. तिथली घरं लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून बांधलेली असतात. ते तक्ते खर्जाबरोबर थोडे हलतात आणि त्यातला बराच खर्ज गिळून टाकतात. आपल्या वीट-सिमेंटच्या भिंती हलत नाहीत. खर्ज आत कोंडला जातो आणि घुमतो. म्हणून ‘वूफर तीन-चार डेसिबल वाढवून ठेवा’ हा तिकडचा लोकप्रिय सल्ला पुण्या-मुंबईच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये जसाच्या तसा उचलू नये असं मला वाटतं. इथे आधी ७५वर लावून आठवडाभर ऐकावं. स्वस्त मीटर सर्वांत खालचे सूर थोडे कमीच दाखवतात, त्यामुळे ७५ दिसताना वूफर प्रत्यक्षात जरा पुढेच असतो.

वूफरची जागा शोधण्याची एक युक्ती आहे, ती करताना घरातले लोक हसतात, पण ती खरंच उपयोगी आहे. वूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा, खर्जाची ओळख असलेली एखादी सुरावट लावायची आणि आपण भिंतींच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज एकसंध, सगळे सूर सारखे ऐकू येतात, ती वूफरची जागा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून हे जमतं. चांगल्या जागी ठेवलेल्या वूफरची पातळी लावणं सोपं जातं. कोपऱ्यात घुमणाऱ्या वूफरची पातळी कितीही कमी केली तरी तो एकाच सुरावर अडून बसतो.

वूफरच्या मागे त्याचं स्वतःचं आवाजाचं बटण असतं आणि रिसीव्हरमध्ये वेगळा आकडा असतो. बटण आधी मध्याजवळ ठेवायचं, मग रिसीव्हरचा आकडा शून्याच्या आसपास येईल असं ते हलवायचं. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हा आकडा उणे १२वर संपतो. तिथे तो अडकला असेल तर खरी गरज उणे १२ होती की उणे १८, हे यंत्राला सांगताच येत नाही. अशा वेळी बटण खाली आणून पुन्हा मोजावं.

हे सगळं यंत्रच करतं ना, असं कोणी म्हणेल. करतं. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, पायोनियरमध्ये एमकॅक अशा व्यवस्था गेली कित्येक वर्षं आहेत. खोक्यातला छोटा माइक लावला की त्या प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी काढून देतात. ऑडिसी कंपनीच्या संस्थापकांतही पुन्हा आपले हॉलमन आहेतच. पाच मुख्य स्पीकरांच्या पातळ्या या व्यवस्था चांगल्या लावतात. अंतराचं कामही त्यांच्यावर सोडावं: ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो आणि त्या हिशेबाने जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून ठेवलं जातं. कानाला आवाजाची दिशा आधी पोचणाऱ्या लाटेवरून कळते, हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९च्या प्रबंधात दाखवलं होतं. वूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर घाबरू नये आणि दुरुस्तही करू नये. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ यंत्राने त्यात धरलेला असतो. यंत्राचं झाल्यावर मीटरने एक फेरी मारून पाहावी. चूक सापडली तर ती बहुधा यंत्राची नसते. माइक गादीवर ठेवलेला असतो किंवा पंखा चालू राहिलेला असतो.

मोजमाप एका जागेचं असतं आणि सोफ्यावर बसणारे चार असतात. डाव्या टोकाच्या माणसाला डावा मागचा स्पीकर कायम मोठा लागणार. त्यावर पातळी कमी करणं हा उपाय नाही, कारण मग मधल्याचं बिघडतं. मागचे स्पीकर कानाच्या रेषेपेक्षा फूट-दोन फूट वर आणि थोडे लांब नेले की टोकाच्या आणि मधल्या माणसामधला फरक पुष्कळ कमी होतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे ते समोरच्या रेषेपासून ११० अंशांवर, म्हणजे ऐकणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे असावेत. मागच्या भिंतीवर अगदी डोक्यामागे नकोत.

‘संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला, तर गोळीबार सुरू झाला’ ही घरोघरीची तक्रार आहे. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. तो टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, गुडघ्यांकडे तोंड करून खुपसलेला असेल, तर आधी त्याला कप्प्याच्या काठापर्यंत पुढे ओढावं आणि खाली पाचर देऊन तोंड वर करावं. मग मापाच्या वर दोन-तीन डेसिबल द्यायला हरकत नाही. मापापासून जाणूनबुजून एवढं ढळलं तरी चालतं, कुठून ढळलो ते माहीत असलं म्हणजे झालं. क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’मधले संवाद थिएटरातही पुष्कळांना कळले नव्हते, तिथे मात्र मधला स्पीकर बिचारा काय करणार.

या तक्रारीचं दुसरं मूळ कानात आहे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू केला की खालचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने नाहीसे होतात. सिनेमाच्या पातळीला जुळवलेला खर्ज रात्री हळू आवाजात ऐकताना म्हणूनच पातळ वाटतो. ऑडिसीची ‘डायनॅमिक ईक्यू’ व्यवस्था व्हॉल्यूम उतरेल तसा खर्ज आणि मागचे स्पीकर आपोआप चढवते. खर्जासाठी ती छान आहे. मागचे स्पीकर सोफ्याच्या अगदी जवळ असतील तर ते टोचू लागतात आणि माणूस पुन्हा पातळी बदलायला जातो. त्याऐवजी तिथलाच ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ १० किंवा १५ करून पाहावा. रात्री मुलं झोपल्यावर ‘नाइट मोड’ वापरावा. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो, त्याने स्पीकरांचा आपसातला तोल ढळत नाही.

नेटफ्लिक्स आपल्याकडे येणाऱ्या कार्यक्रमांत संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) असावी अशी अट घालतं. केबलवरच्या वाहिन्यांचा आणि त्यांच्या जाहिरातींचा हिशेब निराळा. म्हणून एक सोडून दुसरं लावलं की आवाज उडी मारतो. त्यासाठी रिमोटवरचं व्हॉल्यूमचं बटण आहे. पाच स्पीकरांच्या आकड्यांना त्यासाठी हात लावू नये.

ते आकडे एका कागदावर लिहून रिसीव्हरच्या खाली सरकवून ठेवावेत, कारण दुरुस्तीला गेलेला रिसीव्हर परत येतो तेव्हा कारखान्यातल्या कोऱ्या सेटिंगवर आलेला असतो. कागदावर सोफ्याची जागा आणि तारीखही लिहावी. दिवाळीच्या साफसफाईत शोकेस हलली, सतरंजी काढली, जाड पडदे गेले, सोफा वीतभर पुढे आला की मुख्य स्पीकरांचे आकडे अर्ध्या-एका डेसिबलनी सरकतात आणि वूफरचा मात्र पार बदलतो, तेव्हा निदान तेवढा एक आकडा पुन्हा मोजावा लागतो.